संगणक पुसायचा, की वरूनच नवा करायचा?

आम्ही नाकाडोंगरीहून आलो आहोत, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा. बोलणारी एकच आहे, पण शेजारी गटाच्या दोघी बसल्या आहेत आणि काही चुकले तर त्या कोपर मारणार आहेत. आमच्या भागात माणसे बोलतात ती डोंगरी बुजुर्ग नाही तर चिखल्याच्या मँगनीज खाणीबद्दल, आणि आम्ही बाया बोलतो धानाबद्दल आणि गटाच्या हप्त्यांबद्दल. आज मात्र संगणकाबद्दल बोलायचे आहे. "अव बाई, हे आपले काम नाही, पोरांचे काम आहे," असे म्हणून रेडिओ बंद करू नका. पोरांचे काम समजूनच आम्ही एकदा चांगल्या फसलो होतो. ती गोष्ट सांगायलाच आलो आहोत.

आमच्या कार्यालयात दोन यंत्रे आहेत. एक जुना टेबलावरचा संगणक आणि एक लॅपटॉप. दिवाळीच्या आठवडाभर आधी दोन्हींच्या पडद्यावर एक सूचना येऊ लागली. तिचा अर्थ असा की विंडोज १० या प्रणालीला कंपनीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद. आमच्या एका सभासद ताईला वाटले, त्या दिवशी संगणकच बंद पडणार. तिने घाईघाईने सगळ्या याद्या छापून काढल्या, शाई संपवली.

तर आधी ही प्रणाली म्हणजे काय ते. संगणक सुरू केला की सगळ्यात आधी जागी होते ती ही. कोणती फाईल कुठे ठेवली, प्रिंटरला कधी हाक मारायची, बोटाचा ठसा घेणाऱ्या यंत्राचे म्हणणे कोणाला सांगायचे, हे सगळे ती पाहते. घरच्या कारभारणीसारखी समजा. एक्सेल, टॅली, इंटरनेट हे सगळे तिच्या हाताखाली काम करणारे. आधार बंद झाला म्हणजे कारभारीण मेली नाही, संगणक चालतोच. पण चोर शिरू शकतील अशी भोके या प्रणाल्यांमध्ये सारखी सापडत असतात. ती कंपनी दर महिन्याला बुजवून देते, आणि आधार संपला की बुजवून देणे थांबते. ज्या संगणकावर नुसती पत्रे टाईप होतात त्याचे चालून जाईल. ज्याच्यावर बायांचे आधार क्रमांक आहेत, बँकेचे काम होते, त्याचे चालत नाही. घरगुती वापराच्या संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टने आणखी एका वर्षाची, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सोय ठेवली आहे, नोंदणी करावी लागते. पण ती मुदतवाढ आहे, उत्तर नव्हे.

मग नवी प्रणाली टाकायची. ती टाकायच्या रीती दोन. आमच्याकडे अजून बरीच घरे कवेलूची आहेत, म्हणून आम्ही गटात असे समजावून सांगितले. पावसाच्या आधी आपण कवेलू फेरतो. फुटके काढतो, नवे बसवतो, घरातले सामान जागच्या जागी राहते, चूल त्याच जागी पेटते. ही पहिली रीत, अपग्रेड. आणि घरकुल मंजूर झाले की जुने घर मोडून पायव्यापासून बांधतो. ही दुसरी रीत. दुकानदार तिला फॉरमॅट मारणे म्हणतो, शिकलेली पोरे क्लीन इन्स्टॉल म्हणतात. घर मोडायच्या आधी आपण काय करतो? धान्य, भांडी, देव, सातबाऱ्याची पेटी, सगळे शेजारणीकडे नेऊन ठेवतो. आम्ही २०२० साली देव आतच ठेवून घर मोडले.

झाले असे. तेव्हा जुन्या संगणकावर विंडोज ७ होती. तिचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला होता आणि संगणक इतका मंद झाला होता की सुरू करून चहा मांडायचा, चहा पिऊन यायचे, तरी तो फिरतच असायचा. आम्ही तो गाडीवर बांधून दुकानात नेला. दुकानदार भाऊने विचारले, "ताई, सीमधले काही ठेवायचे आहे का?" आम्ही मोठ्या खात्रीने सांगितले, "सीमध्ये आमचे काहीच नाही भाऊ, आमचे सगळे डेस्कटॉपवर आहे."

हसू नका. डेस्कटॉप म्हणजे संगणक उघडला की समोर दिसतो तो पडदा. समोर दिसते म्हणून आम्हाला वाटले ते वेगळ्या जागी आहे. खरे म्हणजे तो पडदा, तसेच डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे कप्पे, बहुतेक संगणकांत सी ड्राइव्हच्या पोटातच असतात. जी पुसायची असते तीच सी. भाऊने विचारले होते, आम्ही उत्तर दिले होते, त्याला काय दोष द्यायचा? एवढेच म्हणू की विचारणाऱ्याने डेस्कटॉपचेही नाव घेतले असते तर बरे झाले असते.

संगणक घरी आला तो पळत होता. पडदा स्वच्छ. इतका स्वच्छ की आमच्या पोटात गोळा आला. दहा महिन्यांची कर्जवाटप आणि वसुलीची वही त्यात होती. गटाने बँकेचे कर्ज घेतले होते आणि ते सभासदांमध्ये वाटले होते. बँकेला गटाचा एक आकडा माहीत असतो. कोणत्या बाईने किती हप्ते दिले हे बँकेला माहीत नसते, ते फक्त गटाला माहीत. आणि गटाची वही पडद्याबरोबर गेली.

आम्ही सगळ्यांच्या पासबुका गोळा केल्या आणि एकेक हप्ता परत लिहायला बसलो. तीन आठवडे लागले. एका मावशीची पासबुक उधळीने खाल्ली होती, अर्धी पाने चाळणी झाली होती. मावशी म्हणे सात हप्ते दिले. आमच्या आठवणीत पाच. बैठक दिवेलागणीपर्यंत चालली. कोणी मोठ्याने बोलले, कोणी पदराने डोळे पुसले. शेवटी हाताने लिहिलेल्या बैठकीच्या रजिस्टरात एका हप्त्याची ओळ सापडली, मावशीच्या अंगठ्यासह. दुसऱ्याचा कागद कुठेच नव्हता. आम्ही मावशीचा शब्द धरला आणि तेवढी रक्कम गटाच्या दंडाच्या पैशातून भरली. तेव्हापासून मावशी हप्ता देताना दर वेळी नातवाकडून वहीचा फोटो काढून घेते. आम्ही तिला काही म्हणत नाही. म्हणायचा हक्क आम्हीच घालवला.

आता गटाच्या बऱ्याच नोंदी लोकओएसवर जातात, म्हणजे मोबाईलवरून थेट वरती. पण ठरावाची पत्रे, दुकानाचा हिशेब, खताच्या उधारीची यादी, प्रशिक्षणाचे फोटो अजूनही संगणकातच असते. म्हणून या वेळी ती सूचना आली तेव्हा आम्ही दुकानात धावलो नाही. आधी बसून विचार केला.

पहिला प्रश्न होता, कोणते यंत्र नवी प्रणाली झेपवू शकते? विंडोज ११ ला कमीत कमी ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते. प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो, म्हणजे २०१७ च्या अखेरीनंतर आलेला. मायक्रोसॉफ्टचे पीसी हेल्थ चेक नावाचे छोटे साधन आहे, ते चालवले की होय की नाही ते सांगते. आमच्या लॅपटॉपने होय म्हटले. जुन्याने नाही म्हटले. नाही म्हणणाऱ्या यंत्रावरही युक्तीने विंडोज ११ बसवून देणारे लोक आहेत, पण अशा यंत्राला पुढे सुधारणा मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. ज्या कामासाठी खटाटोप करायचा तेच होणार नसेल तर कशाला?

लॅपटॉपचे ठरवायला वेळ लागला नाही. तो चांगला चालत होता, त्यावरची विंडोज खरी होती, ठशाचे यंत्र, प्रिंटर, डिजिटल सहीची किल्ली, सगळे जमून बसले होते. असे चालते घर मोडायचे नसते, कवेलू फेरायचे. दुकानदार मंडळींना फॉरमॅट सोपे पडते, कारण एकदा लावले की झाले, आणि नंतर सगळे परत बसवायचा ताप आपल्या डोक्यावर. म्हणून ते "पूर्ण पुसूनच टाका ताई" म्हणतात. दर वेळी त्यांचे ऐकायचे कारण नाही.

पण अपग्रेडमध्ये फायली राहतात म्हणून नक्कल काढायची नाही, असे आम्ही केले नाही. कवेलू फेरतानाही एखादे खाली पडून मडके फुटते. दोन नकला काढल्या, एक पेन ड्राइव्हवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर. डिस्क दुसऱ्या मोहल्ल्यातल्या ताईच्या घरी ठेवली. आणि नक्कल नुसती काढली नाही, ग्रामपंचायतीजवळच्या सेवा केंद्रातल्या संगणकावर लावून फायली उघडून पाहिल्या. नक्कल काढली असे वाटते आणि आत रिकामे फोल्डर असते, हे फार होते.

दुसरे काम बिटलॉकरचे. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कला आपोआप कुलूप लागलेले असू शकते, आणि प्रणालीत मोठा बदल केला की ते ४८ आकड्यांची किल्ली मागते. लॅपटॉप सुरू करताना ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने नोंद केली, त्या खात्यात ती किल्ली असते. आमचा लॅपटॉप एका ताईच्या मुलाच्या खात्यावर निघाला आणि तो पुण्याला कामाला. फोनवर त्याच्याकडून आकडे लिहून घेतले, दोनदा वाचून घेतले. किल्ली लागली नाही, पण लागली असती तर?

मग इंटरनेट. नवी प्रणाली पाच-सहा जीबीची असते. आपल्या मोबाईलला रोज दीड-दोन जीबी मिळते, त्यात ती अर्ध्यावर अडकते. आम्ही सेवा केंद्रात बसून मीडिया क्रिएशन टूलने ती ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. सांभाळा, त्या पेन ड्राइव्हवर आधी जे असेल ते पुसले जाते. आमच्यातली एक लग्नाच्या फोटोंचा ड्राइव्ह घेऊन आली होती, वेळेवर ध्यानात आले.

पेन ड्राइव्ह चालू लॅपटॉपला लावून त्यातले सेटअप उघडले की पुढे एक पान येते आणि ते विचारते, काय ठेवायचे? फायली आणि अ‍ॅप दोन्ही ठेवा, फक्त फायली ठेवा, की काहीच ठेवू नका. सगळा निर्णय या एका पानावर असतो. पहिले उत्तर म्हणजे पूर्ण अपग्रेड. मधल्या उत्तरात फायली वाचतात पण टॅली, प्रिंटर वगैरे परत बसवावे लागतात. तिसरे म्हणजे घर मोडणे. पहिले उत्तर फिक्कट दिसले आणि निवडता आले नाही तर तिथेच थांबा, पुढे जाऊ नका. बहुधा भाषा किंवा आवृत्ती जुळत नसते.

बॅटरी पूर्ण भरून आणि चार्जर लावून आम्ही सकाळी सुरू केले. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून हे काम लॅपटॉपवर निभते. टेबलावरच्या संगणकावर इन्व्हर्टर किंवा यूपीएस नसेल तर मध्येच वीज जाऊन तो ना इकडचा ना तिकडचा होतो. दीड-दोन तास गेले, तीनचार वेळा तो स्वतःच बंद होऊन सुरू झाला. दोन तास कोणालाही त्याला हात लावू दिला नाही.

सुरू झाला तेव्हा सगळे होते. फक्त ठशाचे यंत्र ओळखेना. त्याचे ड्रायव्हर आणि सेवा काढून परत टाकल्यावर ओळखू लागले. अपग्रेडनंतर जुनी प्रणाली विंडोज-डॉट-ओल्ड नावाच्या कप्प्यात राहते आणि दहा दिवसांपर्यंत मागे फिरता येते. दहा दिवसांनंतर ती वाट बंद. आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर नवव्या दिवसाला लाल गोल केला आणि त्याआधी प्रत्येक काम एकदा करून पाहिले: एक पावती छापली, एक ठसा घेतला, एक सही केली.

आता जुना संगणक. त्याच्यावर २०२० ला टाकलेली विंडोज खरी की खोटी हेच आम्हाला माहीत नव्हते. कोपऱ्यात सारखे "सक्रिय करा" असे यायचे, आणि कोणीतरी ते बंद करायला कसलेसे अ‍ॅक्टिव्हेटर टाकले होते. अशा फुकटच्या साधनांतूनच बहुतेक वेळा विषाणू शिरतात. पेन ड्राइव्ह लावला की त्यातले फोल्डर शॉर्टकट होऊन बसायचे. अशा घराचे कवेलू फेरून काय उपयोग? भिंतीतच उधळी आहे. अपग्रेड केले तर उधळीही नव्या घरात येते. इथे पुसणेच बरोबर होते, यावर तिघींचे एकमत झाले. जुने दुसऱ्याकडून घेतलेले यंत्र असेल तेव्हाही आम्ही हेच सांगू, आत आधीच्या माणसाने काय ठेवले ते आपल्याला दिसत नाही.

पुसून त्यावर काय टाकायचे? विंडोज ११ चालत नाही, विंडोज १० चे दिवस भरले. मग लिनक्स. केरळच्या सरकारी शाळांमध्ये कितीतरी वर्षांपासून मुले अशाच मोफत प्रणालीवर शिकतात, आपल्या देशात सी-डॅकनेही बॉस नावाची एक तयार केली आहे. आम्ही लिनक्स मिंट घेतली, कारण ती ४ जीबी रॅमवर बरी चालते आणि दिसायला विंडोजच्या जवळची आहे. तिची सगळ्यात मोठी सोय म्हणजे काही न पुसता ती पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. आम्ही दोन दिवस तशी चालवली. प्रिंटर चालतो का, मराठी टाईप होते का, आपल्या एक्सेलच्या फायली तिच्या लिब्रेऑफिसमध्ये उघडतात का, हे पाहिले, आणि मगच पुसले. पण तिच्यावर आम्ही ठशाचे आणि सहीचे काम ठेवले नाही. ते लॅपटॉपवरच. ज्यांच्याकडे एकच यंत्र आहे आणि सगळे त्याच्यावरच करायचे आहे, त्यांना लिनक्स घ्या असे आम्ही सांगणार नाही.

पुसायच्या आधी आणखी एक गोष्ट बाजूला काढली, आणि ती सांगितल्याशिवाय आम्हाला उठता येणार नाही. ती म्हणजे फॉन्ट. आमची जुनी पत्रे कृतिदेवमध्ये आहेत, काही श्रीलिपीत. हे जुने फॉन्ट आतून इंग्रजी अक्षरेच साठवतात, वरून मराठी रूप देतात. फॉन्ट नसला की "अध्यक्ष" च्या जागी इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो. २०२० ला ज्या थोड्या फायली ईमेलमध्ये सापडल्या होत्या, त्याही अशाच दिसल्या आणि आम्ही त्या खराब झाल्या समजून काढून टाकल्या. त्या खराब नव्हत्या. त्यात तीन महिन्यांची वसुली होती. हे आठवले की अजून झोप उडते.

म्हणून सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात फॉन्ट्स, तिथून कृतिदेवच्या फायली उचलून पेन ड्राइव्हवर घ्या. नव्या प्रणालीत बसवल्या की जुनी पत्रे परत वाचता येतात. नवे मात्र युनिकोडमध्येच लिहा. ते मोबाईलवर, संगणकावर, कुठेही मराठीच दिसते. बोटांना जुनी सवय आहे, आम्ही अजून चुकतो, चालते.

पुसताना जे पान येते त्यावर सी आणि डी अशी नावे नसतात. विंडोज असो की लिनक्स, तिथे पार्टिशन एक, दोन किंवा त्याहून अवघड नावे आणि प्रत्येकाचा आकार दिसतो. कोणते किती जीबीचे आहे हे आधीच कागदावर लिहून नेले तर चुकीचे पुसले जात नाही. आणि पुन्हा विंडोजच टाकायची असेल तर आपली होम आहे की प्रो हेही लिहून ठेवा. खरी विंडोज १० किंवा ११ असेल तर तीच आवृत्ती परत टाकल्यावर इंटरनेट लावले की ती स्वतःची ओळख स्वतः पटवते, वेगळे पैसे पडत नाहीत. होमच्या जागी प्रो टाकली तर पटत नाही, आणि मग दुकानदार परत अ‍ॅक्टिव्हेटर काढतो.

जुना संगणक आता बैठकीची पत्रे आणि याद्या करतो. चहा मांडायला जाण्याआधीच सुरू होतो. नकलेची हार्ड डिस्क अजून त्या ताईकडेच आहे, पत्र्याच्या डब्यात, उधळीपासून दूर, आणि दर महिन्याच्या बैठकीला ती डबा घेऊन येते. मागच्या बैठकीत मावशीने विचारले, "यात माझे हप्ते आहेत का व?" आम्ही डिस्क लावून तिचे पान उघडून दाखवले. तिने पाहिले, मग पदराची गाठ सोडली, या महिन्याचा हप्ता दिला, आणि नातवाला म्हणाली, "काढ फोटो."

आमची वेळ झाली. नमस्कार बायांनो.